तिसऱ्यांदा खोललेला ब्रेक

"चांगल्याला चांगलं तरी किती येळा म्हणायचं मानसानं," जीपखालून जाफर मिस्त्री पुटपुटला. "तिसऱ्या डावाला खोलतोय. आता ब्रेकच म्हणंल, बाबांनो, माझं चुकलं काय ते तरी सांगा."

हे तो स्वतःशीच बोलला होता. पण कस्तुराबाई हातभर अंतरावर जुन्या टायरवर बसली होती आणि दोघांच्या मध्ये जीपच्या उघड्या चाकाशिवाय काही नव्हतं. जीपखालून बाहेर आलेले दोन पाय आणि हा आवाज, एवढाच मिस्त्री सकाळपासून तिच्या वाट्याला आला होता. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पदरानं मान पुसली आणि रस्त्यापलीकडच्या हॉटेलाकडं बघितलं. तिथं तिचे मालक, बलभीमअण्णा, बाकावर बसून चहाची वाट बघत होते. बिनसाखरेचा चहा वेगळा टाकावा लागतो, त्यामुळं तो येता येत नाही. शुगर झाल्यापासून गेली अकरा वर्षं अण्णांचा निम्मा जन्म चहाची वाट बघण्यात चालला होता.

मिस्त्री पाठीवर सरपटत बाहेर आला. दाढीला काळं लागलेलं. त्यानं आधी हॉटेलाकडं बघितलं, मग कस्तुराबाईकडं.

"अण्णा चहालाच हायत न्हवं?"

"हायत की."

"बरं झालं."

तो उठला, आत गेला आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आला. डब्यात मंगळवारी जीपमधून काढलेले जुने लायनर, म्हणजे ब्रेकच्या आतल्या घासणाऱ्या पट्ट्या होत्या. एकेक काढून त्यानं फरशीवर ओळीनं मांडले, बाजारात वांगी मांडावीत तसे. सगळे काळेभोर, वरून काचेसारखे चकाकणारे.

"ह्ये बगा, वहिनी. चारी चाकाचे सारकेच जळालेत. पाईप फुटला असता तर ऑइल गळालं असतं. वायसर गेलं असतं तर एखादं चाक ओलं घावलं असतं. हितं तसलं कायच न्हाय."

"मंग जळाले कशानं?"

मिस्त्रीनं चिंधी घेतली आणि बोटं पुसायला लागला. एकेक बोट. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत आणि परत.

"घाट उतरताना पायडलवर पाय तसाच ऱ्हायला की जळतात. जोरानं दाबायचीबी गरज न्हाय. नुसता पायाचा भार पडला तरी लायनर घासत ऱ्हातो, तापतो, आन् तापला की धरत न्हाय. गार झाला की परत धरतो. जसं काय झालंच न्हवतं." त्यानं चिंधी खांद्यावर टाकली. "नवशिके करतात असं. गाडी शिकायला आलेले."

"अण्णा काय नवशिके हायत?"

"तेच की," मिस्त्री म्हणाला, लायनर डब्यात भरले आणि परत गाडीखाली गेला. पुढचं वाक्य बहुतेक तो गाडीखाली एकटाच बोलला असेल. ते मात्र तिला ऐकू आलं नाही.

गेल्या सोमवारची गोष्ट एव्हाना कळंबपासून येरमाळ्यापर्यंत सगळ्यांना पाठ झाली होती. अण्णांच्या जीपमधून सोमवारी आणि गुरुवारी चार माणसं बार्शीला जायची, डायलिसिसला. गावात त्याला रक्त धुवायला जाणं म्हणतात. जाताना घाट उतरायचा, येताना चढायचा. त्या सोमवारी तिसऱ्या वळणाच्या अलीकडं जळका वास सुटला. चौघांतले धोंडीबा म्हणाले, कुणी तरी रानात टायर जाळलंय. आणि पुढच्या उताराला अण्णांनी पायडल पार तळाला टेकवलं तरी गाडी थांबेना.

अण्णांनी आरडाओरडा केला नाही. तिसऱ्यातली गाडी दुसऱ्यात घातली, दुसऱ्यातली पहिल्यात. इंजिन कळवळून ओरडलं. हँडब्रेक एकदम न उपसता एकेक दात मोजून ओढला, आणि दरीची बाजू सोडून गाडी डोंगराच्या अंगाला घासत घासत नेऊन मुरमाच्या ढिगात बसवली. धोंडीबांच्या कपाळाला टेंगूळ आलं. बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. माझ्या मांडीवरच्या डब्यातलं वरणपण सांडलं नाही, असं चौघांतलीच शांतम्मा अजूनही भेटेल त्याला सांगत होती.

मग काय, अण्णा गावचे हिरो झाले. शुक्रवारी ग्रामपंचायतीसमोर सतरंजी पडली, शाल आली, नारळ आला. उपसरपंचांनी भाषण केलं, की ब्रेकनं दगा दिला पण आमच्या अण्णांनी दिला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा मान खाली घालून बसले होते. लोकांना तो विनय वाटला. त्यांना शाल घ्यायला पुढं बोलावलं तेव्हा ते उठले, सतरंजीवरून चालत गेले, आणि त्यांची उजव्या पायातली चप्पल मागंच, खुर्चीजवळ पडून राहिली. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. तसेच ते उपसरपंचांसमोर जाऊन उभे राहिले, फोटो निघाला, तसेच परत आले. वाटेत पाय घसरला नाही, थांबला नाही, की चप्पल कुठं गेली म्हणून खाली बघितलं नाही. कुणीतरी हळूच हसलं. मग सगळ्यांनी एकदमच दुसरीकडं बघितलं. उपसरपंच बिचारा भला माणूस. माईक हातातच होता, म्हणाला, अण्णांची राहणी बघा, किती साधी.

कस्तुराबाईनं खाली वाकून चप्पल त्यांच्या पायात सरकवली होती. लहान पोराला घालावी तशी. मऊ निळी चप्पल, डॉक्टरनं सांगितलेली, औषधाच्या दुकानातून आणलेली. अनवाणी फिरायचं नाही, असं डॉक्टर बजावून बोलले होते. अण्णांनीही ते ऐकलं होतं. फक्त गाडीत नाही.

गाडीत ते चप्पल घालत नसत. गाडीवर चढताना देवळासमोर काढावी तशी काढायची आणि सीटच्या मागं ठेवायची. ढोकीच्या कारखान्याला त्यांनी तीस वर्षं उसाचा ट्रक चालवला, त्याच्याही आधी उस्तादाच्या हाताखाली दोन वर्षं काढली. त्या उस्तादाच्या दोन गोष्टी त्यांनी आयुष्यभर पाळल्या. ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर. आणि पायडल डोळ्यांनी दिसत नाही, ते तळव्यानं बघायचं असतं. गाडी किती ओढतेय, ब्रेक कुठं धरतोय, क्लच किती शिल्लक आहे, हे सगळं अण्णांचा तळवा त्यांना सांगायचा. लग्नानंतर पहिल्यांदा ट्रकमध्ये बसवलं तेव्हा त्यांनी कस्तुराबाईला हेच सांगितलं होतं. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. तिला वाटलं, नवऱ्याच्या पायात काहीतरी विद्या आहे.

अण्णा दोन ग्लास घेऊन रस्ता ओलांडून आले. एक मिस्त्रीचा, एक तिचा. स्वतःचा तिकडंच पिऊन आलेले.

"काय म्हंतोय ब्रेक?"

"चांगलाय अण्णा," गाडीखालून आवाज आला.

"नीट बघितलास?"

"वायसर बघितली, पाईप बघितला, मास्टर सिलिंडर बघितला. मागचा लाल लाईटचा स्विचसुदिक बघितला. सगळं जागच्या जागी हाय."

"मास्टर बदलून टाक."

"नवाच हाय की. दिवाळीला न्हाय का बदलला आपण?"

अण्णांनी चाकाजवळ वाकून ब्रेकच्या डरमवरून हात फिरवला. म्हशीच्या कासेला हात लावून बघावं तसा.

"मंग उद्या तू माझ्यासंगं चल," ते म्हणाले. "म्होरं बस. घाट उतरून बघू."

"उद्या गॅरेजला..."

"दुपारला माघारी येशील."

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला. चहाचा ग्लास घेतला. त्यानं कस्तुराबाईकडं बघितलं आणि कस्तुराबाईनं चाकाकडं.

"येतो," तो म्हणाला.

"म्याबी येते," कस्तुराबाई म्हणाली. "बार्शीला चष्म्याचं काम हाय माझं."

चष्म्याचं कसलंच काम नव्हतं. चष्मा तिच्या नाकावर ठणठणीत बसलेला होता. एरवी अण्णा म्हणाले असते, पेशंटच्या गाडीत तुला कशाला, पाय आखडून बसावं लागतं त्यांना. आज बरं, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली.

घरी आल्यावर पुण्याहून मुलाचा, रणधीरचा फोन आला. त्यानं शालीचा फोटो बघितला होता. "अण्णांना सांग, आई, आता जुनी गाडी नको. ब्रेकचा भरवसा नाही जुन्या गाडीच्या. आपण दुसरी बघू." कस्तुराबाई बरं म्हणाली. पोरा, फोटोतला पाय बघितला नाहीस का म्हणून विचारावंसं वाटलं, पण बघितला असेल तर तो काय म्हणेल आणि नसेल तर आपण काय सांगणार. ब्रेकवर ढकलणं सगळ्यांना सोयीचं होतं. ब्रेक नवा टाकता येतो.

तिला खरं तर शनिवारीच कळलं होतं. म्हणजे कळत तर वर्षभरापासून होतं. पण काही गोष्टी दारात येऊन उभ्या राहिल्या तरी माणूस आतून विचारत राहतं, कोण हाय, कोण हाय. शनिवारी दुपारी जेवून अण्णा बाजेवर पडले होते. मोबाईलवर हवामानाचा अंदाज लावलेला. ती पायांना तेल लावायला बसली. उजव्या पायाच्या टाचेजवळ बोटाला काहीतरी टोचलं. चष्मा सावरून बघितलं, तर बाभळीचा काटा. चांगला बोटाच्या पेराएवढा, आत मुरलेला, भोवती काळं-निळं झालेलं. एक दिवसाचा नाही. दोन-तीन दिवस तरी अण्णा तो काटा घेऊन फिरले होते, त्याच्यासकट शाल घेतली होती.

तिनं सुई आणली. गॅसवर लाल करून गार केली. कातडी उचकटली, काट्याचं बूड मोकळं केलं, नखात धरून ओढला. काळं रक्त आलं आणि पाठोपाठ पू. हे सगळं चाललं असताना ती काट्याकडं बघतच नव्हती, ती अण्णांच्या तोंडाकडं बघत होती. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मोबाईलमधला माणूस सांगत होता, की मराठवाड्यात तुरळक ठिकाणी.

"झालं का तेल लावून?" अण्णांनी विचारलं.

"झालं," ती म्हणाली.

काटा तिनं मुठीत धरून बाहेर नेला आणि कंपाउंडपलीकडं लांब फेकून दिला. हळद लावून पट्टी बांधली. ही पट्टी कशाची, असं अण्णांनी विचारलं नाही. भेगा पडल्यात म्हणून बांधलीय, असं उत्तर तिनं तयार ठेवलं होतं. ते तसंच राहिलं.

सांगायचं काय आणि कसं? अहो, तुमच्या पायाला कळत नाही. एवढंच तर वाक्य. भाकरी थापताना तिनं ते मनात दोन-चारदा म्हणून बघितलं. पण त्या वाक्याच्या मागोमाग बाकीची वाक्यं यायची. मग गाडी कोण चालवणार? मग अण्णा सकाळी साडेचारला उठून काय करणार? जीप धुवायची, काचेला फडकं मारायचं, बादलीत वाळू भरून मागं ठेवायची, कारण येताना शांतम्माला हमखास उलटी होते. खिशात लिंबं. चौघांच्या चार तऱ्हा त्यांना पाठ होत्या. मधल्या गुरुवारी हीच माणसं भीमाशंकर नावाच्या दुसऱ्या ड्रायव्हरच्या गाडीनं गेली, तर त्यानं घाटात गाणी लावली, एका हातानं फोन धरला आणि येताना शांतम्मा दवाखान्याच्या बाहेर आली नाही म्हणून तिला सोडून निघाला होता. धोंडीबांनी गाडीसमोर आडवं पडायची धमकी दिली तेव्हा थांबला. तेव्हापासून चौघांचा एकच घोशा होता. अण्णा, ब्रेक लवकर करून घ्या.

तर असं सगळ्यांचं नडलं होतं. प्रत्येकाला थोडं थोडं कळत होतं आणि प्रत्येकाचं अण्णांवाचून अडत होतं. आणि प्रेम होतं ते वेगळंच. प्रेमानं माणूस फार खोटं बोलतं.

सोमवारी पहाटे साडेपाचला जीप निघाली. जाफर मिस्त्री पुढं, अण्णांच्या बाजूला. धुतलेला शर्ट घालून आला होता आणि त्यामुळं पाव्हण्यासारखा अवघडून बसला होता. मधल्या सीटवर कस्तुराबाई, शांतम्मा आणि खिडकीशी धोंडीबा. मागं आणखी दोघं, ते बसल्या बसल्या झोपले. रक्त धुवायच्या दिवशी माणूस आधीच दमलेलं असतं. तीन दिवसांचं पाणी अंगात साठलेलं, चेहरे सुजलेले, पाय खांबासारखे.

"मिस्त्री, आज तुमी कशाला?" धोंडीबांनी विचारलं. "तुमचंबी रक्त खराब झालं का?"

"ब्रेकची ट्रायल हाय, काका."

"आमाला घिऊन ट्रायल व्हय? बरंय. न्हायतरी आमी निम्मे गेल्यालेच हाव. नुकसान कमी."

"गप बसा ओ," शांतम्मा म्हणाली. ती मूळची मुरुमकडची, तिच्या मराठीला तिकडचा कानडी हेल होता. "अव्वा, सकाळ सकाळ काय बोलताय."

"खरं तेच बोलतो. अण्णांनी तीस वर्षं कारखान्याला ऊस घातला, कारखान्यानं साखर त्यांच्या अंगात घातली. आमी तर ऊसबी घातला न्हाय, तरी आमालाबी दिली. कारखाना लई इमानदार."

मिस्त्री हसला. अण्णाही हसले असावेत, खांदे हलले. कस्तुराबाईला हसू आलं नाही, कारण ती दोन सीटच्या मधून खाली बघत होती.

पहाटेच्या उजेडात नीट दिसत नव्हतं. मग हळूहळू दिसायला लागलं. अण्णांचा उजवा पाय. टाचेला तिनं बांधलेली पट्टी, कडा मळलेल्या. पाय अॅक्सिलेटरवर होता आणि अर्धा ब्रेकच्या पायडलवर चढला होता. म्हैस उंबऱ्यावर मान टाकून पडते तसा निवांत पडला होता. रस्ता सरळ होता, सपाट होता, दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेली रानं. थांबायचं काही कारण नव्हतं. पाय तिथंच होता. जीप थोडी अडखळल्यासारखी चालली होती आणि अण्णा गिअर बदलून बदलून बघत होते, इंजिनाला आज काय झालंय म्हणून.

तिनं वर बघितलं. मिस्त्रीसुद्धा खालीच बघत होता. त्यानं पटकन मान वळवली आणि खिडकीतून बाहेर बघू लागला. बाहेर नुसती रानं होती.

मागून एक मोटारसायकल आली. दुधाचे कॅन लावलेला गडी. बराच वेळ मागंच होता, मग बरोबरीला आला आणि हात करून ओरडला,

"अण्णा, मागची लाल लाईट सारखी पेटलीय बगा. मगापास्नं. म्या आपलं थांबतायसा म्हणून मागं ऱ्हायलो."

"बघतो, बघतो," अण्णा म्हणाले.

गडी पुढं निघून गेला. कॅनचा खडखड आवाज बराच वेळ ऐकू येत राहिला.

"स्विच अडकला आसंल," अण्णा म्हणाले.

ब्रेकवर पाय पडला की ती लाईट लावणारा तो स्विच मिस्त्रीनं कालच बघितला होता आणि तसं गाडीखालून सांगितलंही होतं. धोंडीबा एवढे तोंडाळ, पण त्यांनीही आपल्या डाव्या हातावरची पट्टी उगाच चाचपली. शांतम्मा डब्याच्या पिशवीची गाठ सोडून परत बांधायला लागली. तिला पण शुगर होती. तिचाही पाय दोन वर्षांपूर्वी असाच झाला होता, चुलीतला निखारा पायावर पडला तो तिला वासानं कळला होता. हे तिनंच कस्तुराबाईला सांगितलं होतं, कधीतरी बार्शीच्या बाकावर. सांगताना ती अण्णांच्या पायाकडं बघत होती की नाही, ते कस्तुराबाईला आता नीट आठवेना.

गाडी पुढं गेली. आता चढ-उतार लागायला लागले. लांबवर रस्ता दोन टेकड्यांच्या मधून खाली जाताना दिसला. आठ मिनिटं, फार तर दहा. कस्तुराबाईनं मनात जुळवलं. गाडीत मागं दोघं झोपलेले, मधे आपण तिघं, पुढं हे दोघं. सात माणसं. एकाच्या पायावर. बोलायचं तर आताच. पण चार माणसांसमोर? ज्या माणसाला परवा शाल घातली, त्याला ह्याच चार माणसांसमोर? घरी बोलायला पाहिजे होतं. शनिवारी, काटा हातात होता तेव्हा. तेव्हा आपण नाही बोललो ना, मग आता अशी जागा आली.

"थांबवा म्हणते का गं कुणी?" शांतम्मा एकदम पुटपुटली. कुणाला उद्देशून, कळलं नाही. मळमळतंय म्हणून म्हणाली असेल.

अण्णांनी गाडी हळू केली.

घाटाच्या तोंडाशी एक पिवळा फलक आहे. तीव्र उतार, वाहने सावकाश हाका, गाडी बंद करून उतरू नये, वगैरे. फलकाच्या अलीकडं थोडी सपाट जागा आहे, ट्रकवाले तिथं टायर ठोकून बघतात. अण्णा इथं कधी थांबत नसत. आज त्यांनी गाडी तिथं घेतली. पाय उचलला आणि हातानं मांडीला धरून ब्रेकवर ठेवला, खाली वाकून बघत ठेवला, दाबला. गाडी थांबली. हँडब्रेक ओढला. किल्ली फिरवली. इंजिन बंद झाल्यावर वाऱ्याचा आवाज केवढा तरी मोठा वाटला.

मागचे दोघं जागे झाले. "आलं का बार्शी?"

"न्हाय अजून," धोंडीबा म्हणाले.

अण्णांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. समोर उतार होता. सकाळचा पिवळा उजेड वळणावळणांवर पडला होता. मुरमाचा तो ढीग इथून दिसत नव्हता, पण तो कुठं आहे हे गाडीतल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"जाफर."

"जी, अण्णा."

"ब्रेक चांगलाय?"

"चांगलाय."

"लायनर?"

"नवे हायत."

"स्विच?"

मिस्त्रीनं गुडघ्यावरून हात फिरवला. धुतलेल्या पँटीवर काहीच नव्हतं, तरी त्यानं ते झटकलं.

"स्विचबी चांगलाय, अण्णा."

"मंग गेल्या सोमवारी काय झालतं?"

धोंडीबा खिडकीबाहेर बघू लागले. शांतम्माचे हात पिशवीच्या गाठीवर थांबले. मागं कुणाला तरी खोकला आला, तो त्यानं दाबला.

अण्णांनी मागं वळून बघितलं नाही. पण आरशात त्यांचे डोळे कस्तुराबाईला दिसले. ते रस्त्यावर नव्हते. आरशावर होते, तिच्यावर. किती वेळ तसे होते कोण जाणे. आणि तिच्या ध्यानात आलं, की ह्या माणसाला गाडीतलं नाडीनाडीचं कळतं, ब्रेक चांगला आहे हे त्याला मंगळवारीच कळलं असणार. तीन वेळा त्यांनी ब्रेक खोलून घेतला नव्हता. तीन वेळा त्यांनी विचारलं होतं. आणि तीन वेळा सगळ्यांनी मिळून त्यांना ब्रेकचंच उत्तर दिलं होतं.

तिनं हात पुढं केला आणि सीटच्या पाठीवर, त्यांच्या खांद्याशेजारी ठेवला. आवाज निघेल की नाही, असं तिला वाटलं होतं. पण निघाला तो आमटीत मीठ कमी पडलंय म्हणून सांगावं, एवढाच.

"अहो, ब्रेक गेला न्हवता," ती म्हणाली. "तुमच्या पायाला कळत न्हाय. लई दिवस झाले."